काळं रबर ताणलं की करंट का अडतो? संत्र्याला बांधलेल्या एका दोरीची गोष्ट

गेल्या आंबिया बहाराच्या वेळी मी आष्टीला मामांकडे होतो. आष्टी म्हणजे बीडची नव्हे, आपल्या वर्धा जिल्ह्यातली. वरूड, मोर्शी, कारंजा यांच्यासारखाच हाही संत्र्याचा पट्टा. सकाळी बागेत जाऊन मी एका अर्ध्या वाढलेल्या संत्र्याला काळ्या रबराची बारीक दोरी गुंडाळली, दोन टोकांना वायर जोडल्या आणि मल्टिमीटर सुरू केला. मामा दोन झाडं पलीकडून बघत होते.

"अबे, संत्र्याले रबर काहून बांधून रायला?"

मी सांगितलं, फळ वाढलं की रबर ताणलं जाईल, ताणलं की त्याचा रेझिस्टन्स वाढेल, आणि तो आकडा मला मोबाईलवर दिसेल. पाणी कमी पडून वाढ थांबली तर लगेच कळेल. मामा म्हणाले, "मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा वाढायच्या ऐवजी कमी झाला होता. संत्रं काही आकसलं नव्हतं. वायर नीट होत्या, मीटरचा सेल नवा होता. मग चूक कुठे होती? ती शोधताना मला या काळ्या रबराबद्दल जे कळलं, ते इथे लिहितोय. तुम्ही आर्डुइनो किंवा ईएसपी३२ वर काही प्रोजेक्ट करत असाल, तर यामुळे तुमचे चार दिवस वाचतील.

हे रबर तुमच्या घरात आधीच आहे

टीव्हीचा जुना रिमोट उघडा. बटणांच्या रबरी शीटच्या मागे प्रत्येक बटणाखाली एक छोटी काळी टिकली दिसेल. रबर तर वीज वाहून नेत नाही, पण ही टिकली नेते, कारण तिच्यात कार्बनची बारीक भुकटी मिसळलेली असते. बटण दाबलं की टिकली खालच्या सर्किटवरच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकते आणि करंट जातो. रिमोट जुना झाला की टिकलीचा रेझिस्टन्स वाढतो, तिच्यावर तेलकट थर बसतो आणि मग बटण अंगठ्याने रेटून दाबावं लागतं. आपल्याकडे यावर चॉकलेटची चंदेरी चांदी चिकटवायचा जुगाड बऱ्याच जणांनी केलेला असतो. तो जुगाड चालतो तो याच कारणाने.

असंच रबर दोरीच्या रूपात ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. साधारण २ मिलिमीटर जाड, काळी, हाताला थोडी चिकट लागणारी. शौकीन लोक वापरतात त्या एका प्रसिद्ध प्रकारात न ताणलेल्या दोरीचा रोध इंचाला ३५० ओहमच्या आसपास, म्हणजे सेंटिमीटरला अंदाजे १४० ओहम असतो. तुमची दोरी वेगळी असेल तर आकडा वेगळा येईल. एकाच दुकानातून दोनदा घेतली तरीही.

आधी शाळेतलं गणित

नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' शिकताना एक सूत्र येतं: रोध म्हणजे रोधकता गुणिले लांबी, भागिले आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. तार लांब असेल तर रोध जास्त, जाड असेल तर कमी. पाइपातल्या पाण्यासारखं.

आता तार ओढली तर दोन गोष्टी होतात. ती लांब होते आणि बारीकही होते. दोन्हींमुळे रोध वाढतो. लोखंडाच्या आणि तांब्याच्या तारा ताणल्यावर त्यांचा रोध बदलतो, हे लॉर्ड केल्व्हिनने १८५६ मध्येच दाखवलं होतं. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूग या दोघांनी स्वतंत्रपणे त्यावरून स्ट्रेन गेज बनवला. आज किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आत तोच बसलेला असतो. तुम्ही दोन किलो साखर ठेवता, आतली धातूची पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या गेजचा रोध किंचित बदलतो आणि तो बदल वजन म्हणून दिसतो. धातूच्या गेजमध्ये लांबी ०.१ टक्का वाढली तर रोध साधारण ०.२ टक्के वाढतो. म्हणजे दुप्पट. या पटीला गेज फॅक्टर म्हणतात.

धातू जास्त ताणता येत नाही, पटकन तुटतो किंवा कायमचा लांब होऊन बसतो. रबर मात्र दीडपट, दुप्पट ताणता येतं. आणि रबराचा एक गुण असा, की ताणलं तरी त्याचं एकूण आकारमान जवळजवळ बदलत नाही. लांबी दीडपट झाली की जाडीचं क्षेत्रफळ बरोबर दीडपट कमी होतं. म्हणून नुसत्या आकारामुळे रोध दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट होतो. लांबी दुप्पट केली तर रोध चौपट.

हे सूत्र अगदी नीट पाळणारी एक वस्तू आहे: बारीक रबरी नळी आणि तिच्यात पारा. आर. जे. व्हिटनी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये अशी नळी हातापायाभोवती गुंडाळून तिथे रक्त भरल्यावर घेर किती वाढतो ते मोजलं. पारा द्रव आहे. नळी ताणली की तो नव्या आकारात वाहत जातो आणि सोडली की परत येतो. मधे कुठे अडत नाही, कुठे तुटत नाही.

माझ्या डोक्यात संत्र्याला बांधलेली दोरी म्हणजे अशीच पाऱ्याची नळी होती. माझी चूक तिथेच झाली. कार्बनचं रबर ताणलं की फक्त त्याचा आकार बदलत नाही, आतला पदार्थच बदलतो.

नाल्यातले दगड

कार्बन ब्लॅक म्हणजे तेल अर्धवट जाळून केलेली काजळी, पण कारखान्यात मोजूनमापून तयार केलेली. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचा मोठा कारखाना आहे. तिचा एक कण काही दहा नॅनोमीटरचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा दोनेक हजार पट लहान. हे कण सुटे नसतात. द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून असतात आणि हे घड रबरात विखुरलेले असतात.

आता पावसाळ्यातला एखादा नाला डोळ्यासमोर आणा. पाणी म्हणजे रबर, तिथून चालता येत नाही. दगड म्हणजे कार्बन. दगड चार-दोनच असतील तर तुम्ही पलीकडे जाऊच शकत नाही. दगड वाढवत गेलात तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. आणि मग एका टप्प्यावर, दोन-चार दगड जास्त टाकले की अचानक या काठापासून त्या काठापर्यंत एक वाट तयार होते. कार्बनचंही तसंच. प्रमाण एका मर्यादेच्या खाली असेल तर रबर विजेला बंद. मर्यादा ओलांडली की रोध थोडाथोडका नाही, लाखो-कोटी पटींनी खाली येतो. या टप्प्याला परकोलेशनची मर्यादा म्हणतात.

म्हणूनच काळं दिसतं ते सगळं रबर वीज नेत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मीटरला लावून बघा. कार्बन त्यातही असतो, पण बहुतेक वेळा मीटर काहीच दाखवत नाही. बुटीबोरीला बाइकचे टायर बनतात, त्यांतही कार्बन ब्लॅक घालतात, पण तो मुळात टायर लवकर झिजू नये म्हणून. वीज नेण्यासाठी किती घालायचा आणि तो कसा मिसळायचा, हे वेगळंच कौशल्य आहे.

दगडांच्या उपमेत अजून एक गोष्ट आहे, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. वाट असायला दगड एकमेकांना टेकलेलेच हवेत असं नाही. छोटी फट असेल तर तुम्ही उडी मारता. इलेक्ट्रॉनही मारतात. दोन कणांच्या मधे काही नॅनोमीटरचा रबराचा पापुद्रा असला तरी ते पलीकडे जाऊ शकतात, याला टनेलिंग म्हणतात. पण फट जराशी वाढली की ही उडी थोडी अवघड होत नाही, कित्येक पटींनी अवघड होते. अंतर सरळ बेरजेने वाढतं, रोध गुणाकाराने वाढतो.

आता रबर ताणा. दगड एकमेकांपासून लांब सरकतात. काही उड्या अवघड होतात, काही वाटा पूर्ण तुटतात. म्हणून या रबराचा रोध लांबीच्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त वाढू शकतो. मिश्रणात कार्बन मर्यादेच्या थोडाच वर असेल तर वाटा मोजक्याच असतात, एक तुटली तरी लगेच जाणवतं. असं रबर फार संवेदनशील असतं, पण बेभरवशाचंही. कार्बन भरपूर असेल तर एक वाट तुटली तरी दहा शिल्लक असतात. ते रबर शांत असतं, पण छोटा ताण त्याला कळत नाही.

हा तोल किती बारीक असतो याचं एक चांगलं उदाहरण पवईचं आहे. आयआयटी मुंबईत व्ही. सीना, व्ही. रामगोपाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसयू-८ नावाच्या पॉलिमरमध्ये कार्बन ब्लॅक मिसळून अतिसूक्ष्म पट्ट्या बनवल्या. पट्टीवर स्फोटकाच्या वाफेचे रेणू बसले की ती वाकते आणि आतल्या कार्बनच्या थराचा रोध बदलतो. २०११ मध्ये छापलेल्या त्यांच्या शोधनिबंधात कार्बनचं योग्य प्रमाण आकारमानाच्या ८ ते ९ टक्के दिलं आहे, आणि टीएनटीची वाफ अब्जात ६ भागांपेक्षाही कमी असताना ओळखल्याची नोंद आहे. एसयू-८ रबर नाही, कडक पदार्थ आहे, आणि तिथला ताणही अगदी कणभर. पण तत्त्व आपल्या दोरीचंच.

जास्त कार्बनच्या रबरात अजून एक चक्रावणारी गोष्ट दिसते. थोडं ताणलं तर रोध वाढतो, पण खूप ताणलं तर काही नमुन्यांत तो परत कमी होऊ लागतो. ताणाच्या दिशेने कार्बनचे घड ओळीने लागतात आणि नव्या वाटा तयार होतात. म्हणजे मीटरवर एकच आकडा, पण दोरीच्या लांब्या दोन. सेन्सरसाठी याहून वाईट काय असणार?

रबर विसरत नाही

आता माझ्या संत्र्याकडे येऊ. घरी परत आल्यावर मी दोरीचा एक तुकडा लाकडी पट्टीवर दोन खिळ्यांच्या मधे ताणून बसवला आणि मीटर लावून चहा प्यायला गेलो. लांबी पक्की होती, खिळे हलणार नव्हते. तरीही परत आलो तर आकडा खाली सरकला होता. अजून थोड्या वेळाने अजून खाली. आधी भराभर, मग हळूहळू, पण सरकत होताच.

हे तुम्हीही घरी करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि वाचून जेवढं पटेल त्याच्या दहापट बघून पटतं.

कारण असं. रबर म्हणजे लांबलचक रेणूंचा गुंता, शेवयांच्या भांड्यासारखा. अचानक ताण दिला की गुंता ओढला जातो, कार्बनच्या वाटा तुटतात आणि रोध उसळतो. पण नंतर त्याच लांबीवर रेणू हळूहळू सरकून सैल होतात, त्यांच्याबरोबर कार्बनचे घडही सरकतात आणि काही तुटलेल्या वाटा परत जुळतात. लांबी तीच, रोध कमी. यालाच रिलॅक्सेशन म्हणतात.

सोडतानाही तेच. दोरी सोडली की ती लगेच मूळ लांबीवर येत नाही, मिनिट-दोन मिनिटं घेते. आणि रोधाची वेगळीच तऱ्हा: बऱ्याच नमुन्यांत सोडताना तो आधी क्षणभर वर उडतो आणि मग खाली येतो. कारण हालचाल कुठल्याही दिशेने झाली तरी कार्बनची जुळलेली जाळी विस्कटतेच. ताणताना १० सेंटिमीटरवर एक आकडा मिळतो, सोडताना त्याच १० सेंटिमीटरवर दुसरा. या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात.

तिसरा भाग म्हणजे पहिल्यांदा ताणणं. नवी दोरी पहिल्यांदा ताणली की तिच्यात जे बदल होतात त्यांतले बरेच परत भरून येत नाहीत. दुसऱ्या वेळी ती आधीपेक्षा सैल वागते, तिसऱ्या वेळी थोडी अजून, आणि दहा-वीस वेळांनंतर स्थिरावते. रबराच्या ताकदीच्या बाबतीत या वागण्याला ब्रिटिश रबर-शास्त्रज्ञ लिओनार्ड मलिन्स यांच्या नावाने मलिन्स इफेक्ट म्हणतात. रोधातही त्याची सावली दिसते. त्यामुळे पाकिटातून काढलेली दोरी सरळ प्रोजेक्टला लावू नका. आधी वीसेक वेळा, जेवढी पुढे ताणणार आहात तेवढीच ताणून सोडा, मग मोजा.

थोडक्यात काय, तर पाऱ्याची नळी सांगते की ती आत्ता किती लांब आहे. कार्बनचं रबर सांगतं की ते आत्ता किती लांब आहे, मघाशी किती होतं, किती जोरात ओढलं आणि किती वेळ झाला. सगळं एकाच आकड्यात मिसळून.

उन्हाचं काय

अजून एक आकडा त्यात मिसळतो, तो तापमानाचा. रबर तापलं की फुगतं, कणांमधल्या फटी वाढतात, रोध बदलतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पहाटे बराच खाली असतो. सावलीतलं फळ आणि उन्हातलं फळ यांच्यावरच्या दोऱ्या वेगळंच काहीतरी सांगतील.

गंमत म्हणजे हाच दोष दुसरीकडे गुण ठरतो. बऱ्याच बॅटरी पॅकमध्ये आणि यूएसबी पोर्टच्या संरक्षणासाठी एक छोटा फ्यूज असतो, तो जळत नाही, परत सुरू होतो. त्याच्या आत कार्बन ब्लॅक भरलेलं पॉलिएथिलीन सारखं प्लास्टिक असतं. शॉर्ट झालं, करंट जास्त गेला की ते तापतं. पॉलिएथिलीन साधारण सव्वाशे अंशांजवळ वितळू लागतं आणि एकदम फुगतं. दगड लांब जातात, वाटा तुटतात, रोध हजारो पट वाढतो आणि करंट जवळजवळ बंद. थंड झालं की वाटा परत जुळतात. म्हणजे तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय त्या फोनच्या बॅटरीत किंवा चार्जरमध्येही हेच दगड असू शकतात. तिथे ते कुणी ओढत नाही, उष्णताच ओढते.

संत्र्याचं गणित

आता कागदावर बघू की माझा प्रयोग मुळात चालणार होता का.

समजा फळाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. घेर होतो सुमारे १५७ मिलिमीटर. समजा एका दिवसात व्यास ०.३ मिलिमीटर वाढला. म्हणजे घेर ०.६ टक्के वाढला आणि आकाराच्या सूत्राने रोध साधारण १.२ टक्के वाढायला हवा. मला हा १.२ टक्के पकडायचा होता, तोही चोवीस तासांत हळूहळू होणारा.

दुसरीकडे, दोरी गुंडाळून गाठ मारताना मी ती चांगलीच ताणली होती. तिचं सैलावणं तासन्तास चाललं. त्यात सकाळचा गारवा आणि दुपारचं ऊन. शिवाय फळ स्वतःही दिवसभर एकसारखं वाढत नाही. दुपारी पानं जोरात पाणी ओढतात तेव्हा ती फळातलंही थोडं पाणी खेचतात, फळ अगदी किंचित आकसतं आणि रात्री परत फुगतं. शेतकऱ्याला उपयोगी माहिती नेमकी हीच आहे. झाड तहानलेलं असेल तर रात्रीचं फुगणं कमी पडतं. पण रबराचं सरकणं त्या बदलाहून मोठं होतं आणि त्याच संथ गतीचं होतं. दोन्ही वेगळे कसे करणार? सॉफ्टवेअरने फिल्टर लावायला गेलो तर रबराच्या चुकीबरोबर फळाची वाढही गाळली जाते.

हळू होणारा बदल मोजायला हे रबर वापरू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. झाडाच्या खोडाची किंवा फळाची जाडी मोजायची उपकरणं जगात आहेत, त्यांना डेंड्रोमीटर म्हणतात. त्यांत सहसा धातूची सळई फळाला टेकवून तिचं सरकणं मोजतात. किंमत जास्त, पण ती सळई काल काय झालं ते लक्षात ठेवत नाही. कंपन्यांनीही रबरावर वेगळा उपाय काढलाय. न्यूझीलंडची स्ट्रेचसेन्स रोधाऐवजी कपॅसिटन्स मोजते. दोन वाहक थरांच्या मधे रबर ठेवतात, ताणल्यावर थर पसरतात आणि जवळ येतात. तिथे आकडा मुख्यतः आकारावर ठरतो, आतल्या वाटांवर नाही. आणि काही प्रयोगशाळांनी व्हिटनीची नळीच परत आणली आहे, फक्त विषारी पाऱ्याऐवजी गॅलियमचा द्रव मिश्रधातू भरून.

मग या दोरीचं करायचं काय?

जलद होणारं काहीतरी मोजा. उदाहरणार्थ श्वास.

मोठं माणूस शांत बसलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतं. म्हणजे एक लाट तीन ते पाच सेकंदांची. रबराचं सैलावणं मिनिटांचं आणि तासांचं. दोघांच्या वेगात एवढा फरक असेल तर वेगळं करणं सोपं. मागच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी काढा, ती आत्ताच्या आकड्यातून वजा करा आणि उरलेल्या लाटा मोजा. रोध १४०० आहे की १३००, याच्याशी आपल्याला देणंघेणंच नाही, फक्त लाटा किती ते हवं.

२०१४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये जोनाथन कोलमन यांच्या गटाने इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर दुकानातले साधे रबर बँड रसायनात फुगवून त्यांच्यात ग्राफीन मुरवलं होतं. ते रबर ८०० टक्क्यांहून जास्त ताणूनही वीज नेत होतं, गेज फॅक्टर ३५ पर्यंत गेला, आणि त्यांनी ते मोजायला वापरलं ते श्वास, नाडी आणि सांध्यांच्या हालचालीसाठी. म्हणजे जलद गोष्टींसाठीच.

जोडणी अशी करा. कमरेचा न ताणणारा कापडी पट्टा घ्या आणि त्यात फक्त १० सेंटिमीटर रबर बसवा. छाती १ सेंटिमीटर फुगली तर सगळा ताण त्या तुकड्यावर येतो, म्हणजे १० टक्के, आणि नुसत्या आकारामुळे रोध २१ टक्के वाढतो. पूर्ण पट्टाच रबराचा केला तर हाच ताण पसरून एक-सव्वा टक्का होईल. हे लक्षात न घेतल्यामुळे बऱ्याच जणांचे प्रोजेक्ट 'सेन्सर खराब आहे' म्हणून कपाटात जातात.

१० सेंटिमीटर दोरीचा रोध अंदाजे १४०० ओहम धरला तर तिच्याबरोबर १५०० ओहमचा साधा रेझिस्टर ओळीत जोडा, दोरीचं टोक ३.३ व्होल्टला, रेझिस्टरचं टोक ग्राउंडला, आणि मधला बिंदू ईएसपी३२ च्या अ‍ॅनालॉग पिनला. न ताणता तिथे १.७ व्होल्ट मिळतील. दोरी ३० टक्के ताणली तर आकाराच्या हिशोबाने १.३ च्या जवळ. एवढा फरक मायक्रोकंट्रोलरला भरपूर आहे. ब्लूटूथवरून फोनवर पाठवून ग्राफ काढला की लाटा स्वच्छ दिसतात.

सगळ्यात जास्त त्रास मात्र दोरी देत नाही, टोकं देतात. क्रोकोडाइल क्लिप रबरावर लावली आणि रबर ताणलं की ते क्लिपच्या दातांखालीच बारीक होतं, पकड सैल होते आणि आकडा उड्या मारतो. मी अर्धा दिवस रबराला दोष देत होतो आणि चूक क्लिपची होती. टोकावर तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा, वरून हीट श्रिंक ट्यूब चढवा, आणि पट्टा अशा तऱ्हेने शिवा की टोकांचा सेंटिमीटरभर भाग ताणलाच जाणार नाही.

गावात आशाताई न्यूमोनियाचा संशय असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट डोळ्यांनी मोजतात. २ ते ११ महिन्यांच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण. रडणाऱ्या, हलणाऱ्या बाळाचे श्वास असे मोजणं किती कठीण आहे ते एकदा करून बघा. तिथे चांगला सेन्सर खरोखर कामाचा ठरेल. पण घरी बनवलेला पट्टा बाळाला बांधून त्यावर निर्णय घ्यायचा नाही, हेही सांगून ठेवतो. बाळ हललं तरी लाट येते, आणि आपल्या दोरीला हलणं आणि श्वास यांतला फरक कळत नाही.

संत्र्यावरची दोरी मी तिसऱ्या दिवशी काढली. सालीवर बारीक वळ उठला होता, म्हणजे रबर फळाला आवळतही होतं, हे मी धरलंच नव्हतं. मग शाळेत प्रयोगाला वापरायचो तसला व्हर्नियर कॅलिपर आणला. खुणेच्या दहा फळांना धागा बांधलाय, आणि मामा रोज उजाडताच, ऊन चढायच्या आत, त्यांचा व्यास मोजून आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दोरी आता पट्ट्यात शिवली आहे. परवा मामांनीच ती बांधून बघितली आणि फोनवरच्या लाटा मोजून म्हणाले, "सतरा आले. बरोबर हाय का?"